मोजा घालण्यापूर्वी : नवोदित पुनर्वसन-संशोधकांसाठी सूचना

प्रथम पात्रता तपासून घ्या. फिजिओथेरपीची पदवी झालेली असावी, इंटर्नशिपचे सहा महिने ओपीडीत शेकाच्या मशिनच्या वायरी गुंडाळण्यात गेलेले असावेत, एमपीटीएच किंवा पीएचडीला प्रवेश मिळालेला असावा, आणि आपण नेमकं काय शिकतो हे नातेवाइकांना अजून समजलेलं नसावं. प्रत्येक लग्नात शेजारच्या खुर्चीवरचे एक काका ‘म्हणजे मालिशच ना?’ असं विचारतात आणि उत्तराची वाट न बघता स्वतःचा गुडघा पुढे करतात. गुडघा बघून द्या. इतक्या सहज मिळालेला पेशंट पुढच्या दोन-तीन वर्षांत पुन्हा भेटणार नाही.

संशोधनाकडे का वळलात याची उदात्त कारणं सिनॉप्सिसमध्ये लिहायची असतात, ती तिथेच राहू द्या. व्यवहारी कारणही आहे. २०२५ साली ८ सप्टेंबरला नेहमीप्रमाणे जागतिक फिजिओथेरपी दिन झाला. दुसऱ्या दिवशी केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाचं पत्र निघालं, की फिजिओथेरपिस्टांनी नावाआधी ‘डॉ.’ लावू नये. तिसऱ्या दिवशी ते पत्र मागे घेतलं गेलं. मधल्या चोवीस तासांत कुणी उत्साहाने दवाखान्याची पाटी पुसून घेतली असेल तर त्याचा खर्च कुणी द्यायचा, हे पत्रात नव्हतं. पीएचडीचं ‘डॉ.’ मात्र कुठल्याही महासंचालनालयाच्या हातचं नाही. एवढं एक कारण घरी सांगायला पुरतं.

विषय निवडणे

पुस्तकातला क्रम असा : आधी रुग्णाची अडचण, मग प्रश्न, मग उपाय. प्रत्यक्षात आधी यंत्र असतं. डिपार्टमेंटच्या कपाटात कुणीतरी आणून ठेवलेलं असतं, किंवा इंजिनिअरिंग कॉलेजमधला तुमचा मित्र ते बनवायला उतावीळ झालेला असतो. मग त्या यंत्राला शोभेल असा आजार शोधायचा. लाजू नका, ही परंपरा आंतरराष्ट्रीय आहे. निन्टेंडोचा ‘वी’ २००६ मध्ये आला, मायक्रोसॉफ्टचा ‘किनेक्ट’ २०१० मध्ये. दोन्ही दिवाणखान्यात उड्या मारत खेळण्यासाठी होते. जगभरच्या फिजिओंनी दोन्ही उचलले आणि लकवा, पार्किन्सन, सेरेब्रल पाल्सी, म्हाताऱ्यांचा तोल अशा सगळ्यांवर लावून पाहिले. कंपन्यांनी ती खेळणी बनवणं थांबवलं, तरी त्यांच्यावरचे प्रबंध पुढे कितीतरी वर्षं चालू राहिले.

नवशिक्यांसाठी आमची शिफारस : अर्धांगवायू, आणि त्यातही हात. पाय बहुतेकांचा कसाबसा चालायला लागतो, हात मागे राहतो. शिवाय हाताचं यंत्र टेबलावर मावतं आणि पेशंट पडण्याची भीती नाही, त्यामुळे एथिक्स कमिटीही फार घाम फोडत नाही.

यंत्राच्या या वेडामागे एक खरंखुरं कारण आहे, तेही माहीत असू द्या. कारण व्हायवात ते विचारतात. मेंदूला इजा झाल्यावर नव्या वाटा पडायला तीच हालचाल पुन्हा पुन्हा व्हावी लागते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत एका बैठकीत चारशेच्या घरात आवर्तनं करून घेतात. अमेरिकेत कॅथरीन लँग आणि सहकाऱ्यांनी स्ट्रोकच्या रुग्णांना उपचारांच्या एका बैठकीत हाताची कामाची हालचाल किती वेळा करायला मिळते हे शेजारी बसून मोजलं. २००९ मध्ये छापून आलेली सरासरी होती ३२. चारशे कुठे आणि बत्तीस कुठे! आपल्याकडच्या सरकारी ओपीडीत, जिथे एका फिजिओसमोर बाकावर बारा माणसं बसलेली असतात, तिथे कुणी मोजायला बसलं तर मोजणाऱ्यालाच पाच मिनिटांत ‘जरा या आजोबांचा खांदा धरा’ म्हणून कामाला लावतील. यंत्र थकत नाही, त्याला चहाची सुट्टी नको असते, म्हणून यंत्र हवं. इथवरचा युक्तिवाद चोख आहे.

पुढचा भाग सिनॉप्सिसमध्ये बारीक अक्षरात लिहायचा असतो. एमआयटीत नेव्हिल होगन आणि हर्मानो क्रेब्स यांनी घडवलेला ‘एमआयटी-मॅनस’ हा या क्षेत्रातला थोरला रोबो. तो वापरून अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत १२७ जणांवर चाचणी झाली, २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. बारा आठवड्यांनी पाहिलं तर रोबोचा गट नेहमीच्या उपचारांपेक्षा ठळकपणे पुढे नव्हता. मग ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांची आणखी मोठी चाचणी झाली. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापली. रोजच्या कामात हात वापरण्याच्या बाबतीत तिथेही रोबोने बाजी मारली नाही. इतक्या महागड्या यंत्राला जे ७७० माणसांत जमलं नाही, ते तुमच्या मित्राच्या सर्किटला तीस माणसांत जमणार आहे, असा विश्वास चेहऱ्यावर ठेवूनच सिनॉप्सिसच्या प्रेझेंटेशनला उभं राहा.

यंत्र जुळवणे

समजा, विषय ठरला : सेन्सरचा हातमोजा. बोटं वाकवली की पडद्यावरचा फुगा वर जातो, सोडली की खाली येतो. लागणारं साहित्य असं : एक आर्डुइनो, पाच फ्लेक्स सेन्सर, मनगटासाठी एमपीयू-६०५० नावाची शंभर-दोनशे रुपयांची चकती, भरपूर वायर, सोल्डरिंग येणारा मित्र. मित्राशी मैत्री टिकवायची असेल तर लेखकांच्या यादीतली जागा आधीच बोलून घ्या.

मित्र मोजा बनवील तो स्वतःच्या हातावर बेतून, म्हणजे उजव्या, तरण्या, निरोगी हातावर. तो बोटं मिटेल, फुगा वर जाईल, टाळ्या वाजतील, व्हिडिओ निघेल. व्हिडिओ जपून ठेवा, कॉन्फरन्समध्ये पोस्टरशेजारी तोच दाखवायचा आहे. यानंतर पहिला पेशंट येईल आणि त्याची डावी बाजू गेलेली असेल.

डाव्या हाताचा मोजा तयार होईपर्यंत मूळ अडचण लक्षात येईल. स्ट्रोकनंतर काही आठवड्यांनी पुष्कळांचा हात आखडतो. बोटं तळव्यात, अंगठा त्यांच्याही आत. अशा हातात मोजा चढवणं म्हणजे रुसलेल्या पोराला शाळेचा सदरा घालणं, जितकं ओढाल तितकं ते आखडून घेतं. मोजा चढवायला वीस मिनिटं, उतरवायला दहा, आणि प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं सत्र तीस मिनिटांचं. अभियांत्रिकीचे शोधनिबंध वाचलेत तर सेन्सरची अचूकता दशांशाच्या तिसऱ्या स्थानापर्यंत दिलेली आढळेल. मोजा चढवायला किती वेळ लागला, हे लिहिणारा एखादाच सापडतो. सापडला तर त्याला जपा, त्याने खरोखर पेशंट पाहिलेला आहे.

युक्ती सांगून ठेवतो. बोटं धरून उघडू नका. आधी मनगट हळूच खालच्या बाजूला वाकवा. बोटं मिटणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या मनगटावरून जातात, मनगट वाकलं की त्या सैल पडतात आणि बोटं आपोआप जराशी सुटतात. मग अंगठा त्याच्या बुडाशी धरून तळव्याबाहेर काढा, टोकाशी धरून नव्हे. घाई केलीत तर स्नायू ताणाला उलट उत्तर देतो आणि मूठ पुन्हा मिटते. हे तुम्हाला दुसऱ्या वर्षाला शिकवलेलं असतं. मित्राला कुणी शिकवलेलं नसतं. म्हणून मोजा बनवण्यापूर्वीच मित्राला एक दिवस ओपीडीत आणून बसवा. तो आला तर मोज्याची पाठ उघडी ठेवून वेलक्रोच्या पट्ट्या लावील, आणि तुमचा प्रबंध सहा महिने आधी संपेल. बहुतेक येत नाही. त्याला हॉस्पिटलचा वास सहन होत नाही.

बाकी बिघाड किरकोळ. मनगटावरच्या त्या चकतीत दिशा ओळखणारं चुंबकीय यंत्र नसतं, त्यामुळे तिचा एक कोन हळूहळू सरकत जातो. पेशंट हात स्थिर ठेवून बसलेला असतो आणि पडद्यावरचा हात संथपणे दाराकडे वळत राहतो. पेशंटला वाटतं दोष आपला. ‘मॅडम, माझा हात तिकडं जातोय काय?’ असं त्याने विचारलं तर लगेच खरं काय ते सांगा. फ्लेक्स सेन्सर बुडाशी मोडतात, पाच जादा आणून ठेवा. विषय संपला.

एथिक्स कमिटी आणि नोंदणी

कमिटीत एक कायदेतज्ज्ञ असतात आणि वैद्यकाशी संबंध नसलेले एक नागरिक असतात. प्रश्न विचारावा तर नागरिकांनीच. ‘याने शॉक बसेल का?’ हा त्यांचा प्रश्न तुमच्या गाईडने वर्षभरात विचारलेल्या कुठल्याही प्रश्नापेक्षा बरा असतो. पाच व्होल्ट, बॅटरीवर, असं उत्तर द्या.

क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत, म्हणजे सीटीआरआयवर, नोंदणी पहिला पेशंट घेण्याआधी करायची असते. २०१८ च्या एप्रिलपासून मागाहून केलेली नोंदणी तिथे घेत नाहीत. ‘नंतर करू’ म्हणणारे सीनिअर हे त्याआधीच्या पिढीतले आहेत. त्यांना नमस्कार करा आणि नोंदणी करून मोकळे व्हा.

संमतीपत्र चार पानी असतं. पेशंट म्हणतो, ‘कुठं सही करू?’ मुलगा म्हणतो, ‘पैसे लागणार का?’ दोघांनाही खाली बसवून तोंडी सांगावं लागतं, आणि ते चार पानांपेक्षा अवघड आहे. ‘चिठ्ठी काढणार, चिठ्ठीत मोजा आला तर मोजा, नाही तर नेहमीचा व्यायाम’ इथवर ठीक जातं. ‘यातलं कुठलं चांगलं?’ असं आजी विचारते. ‘तेच आम्हाला माहीत नाही, म्हणून तर बघतोय’ हे उत्तर खरं असतं आणि नियमालाही धरून असतं. आजीच्या चेहऱ्यावर त्यानंतर जे उमटतं त्यासाठी संमतीपत्रात रकाना नाही.

पेशंट मिळवणे

इथे थोडं थांबू. संशोधनाची बाकी सगळी कामं कुणाकडून तरी करून घेता येतात. पेशंट तुम्हालाच मिळवावे लागतात.

निकष लिहिताना हात सैल सोडू नये असं गाईड सांगतात. पहिलाच झटका, झटक्याला तीन ते सहा महिने झालेले, वय चाळीस ते पासष्ट, सूचना समजणारा, खांदा न दुखणारा, बोटं थोडी तरी हलणारी, आखडलेपणा ठरावीक मर्यादेत. असे निकष लिहून झाले की ओपीडीतली गर्दी नाहीशी होते. कालपर्यंत दार अडवून बसलेले सगळे लकव्याचे पेशंट एकाएकी सत्तरीचे होतात, त्यांचा झटका दुसरा निघतो, खांदा दुखायला लागतो. लुई लॅसाग्ना या अमेरिकी औषधशास्त्रज्ञाच्या नावाने हा नियमच ओळखला जातो : अभ्यास सुरू झाला की त्या आजाराचे रुग्ण आटतात आणि अभ्यास संपला की परत येतात. नियम अमेरिकेतला असला तरी आपल्या सिव्हिल हॉस्पिटलात तो अधिक काटेकोरपणे पाळला जातो.

न्यूरॉलॉजीच्या वॉर्डातल्या मामांशी ओळख करून घ्या. कोणता पेशंट कधी सुटला, कुठल्या गावचा, सोबत कोण होतं, परत येईल का, हे मामांना रजिस्टरपेक्षा नीट माहीत असतं. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात ते कुठेच नसतात. त्यात कुलगुरू असतात, त्यांनी एकही पेशंट पाठवलेला नसतो.

आता प्रोटोकॉल. आठवड्यातून तीन दिवस, सहा आठवडे, एकूण अठरा सत्रं. कागदावर हे फार विनयशील दिसतं. पण अर्धांगवायू झालेला माणूस एकटा येत नाही. त्याला कुणीतरी आणतं. तो कुणीतरी म्हणजे मुलगा असेल तर त्याची अठरा दिवसांची हजेरी कापली जाते. सून असेल तर घरातलं लहान मूल शेजारी ठेवावं लागतं. बायको असेल तर ती स्वतः साठीची, गुडघेदुखीची, आणि एसटीच्या पायऱ्या दोघांनाही चढायच्या. तालुक्याहून यायला दोन तास, जायला दोन तास, मोजा तीस मिनिटं. पेरण्या आल्या, की येत नाहीत. गौरी-गणपतीत येत नाहीत. पितृपंधरवड्यात नवीन उपचार सुरू करत नाहीत. एवढं सगळं पार करून सहाव्या सत्राला कुणी दारात उभा राहिला, तर त्याच्या हाताच्या सुधारणेचं श्रेय मोज्याला द्यायचं की त्याच्या घरच्यांना, याचा विचार करून ठेवा. परीक्षक विचारत नाहीत, पण विचार करून ठेवा.

बायकांची गळती लवकर होते. कारणाच्या रकान्यात ‘वैयक्तिक’ असं लिहायची पद्धत आहे. खरं कारण पुष्कळदा एवढंच असतं, की नवऱ्याला आणायला बायको असते आणि बायकोला आणायला सवड असलेलं कुणी नसतं. किंवा ती एका हाताने कणीक मळायला लागलेली असते, घर चालू झालेलं असतं, आणि त्यापुढच्या सुधारणेची घाई घरात कुणाला उरलेली नसते. आमच्या मते हा मजकूर तळटीपेत कोंबण्याचा नाही. प्रबंधातलं सर्वांत वाचनीय प्रकरण हेच झालं असतं. पण मार्गदर्शिकेचं काम नियम सांगण्याचं आहे, तर नियम असा : ‘ड्रॉपआउट’ किती, तो आकडा द्या आणि पुढे चला.

चिठ्ठ्या बंद, अपारदर्शक पाकिटांत ठेवायच्या. ज्याला नेहमीचा व्यायाम मिळतो तो पेशंट शेजारच्या टेबलावरचा फुगा बघत बसतो. तिसऱ्या दिवशी म्हणतो, ‘आम्हाला पण तो गेम द्या की.’ नाही म्हणा. अभ्यास संपल्यावर देऊ, असं सांगा आणि तो शब्द पाळा. मोजमाप करणाऱ्या मैत्रिणीला कोण कुठल्या गटात हे कळता कामा नये, म्हणून ती वेगळ्या खोलीत बसते. पेशंट आत शिरता शिरता तिला सांगतो, ‘मॅडम, त्या मोज्यानं लई फरक पडला बघा!’ झालं. आंधळेपणा गेला. चाचण्यांचा दर्जा ठरवणारी ‘पेड्रो’ नावाची दहा गुणांची मोजपट्टी आहे. तीत उपचार देणाऱ्याला गट माहीत नसल्याचा एक गुण आहे आणि घेणाऱ्याला माहीत नसल्याचा एक. हाताने उपचार करणाऱ्या माणसाला आपण काय करतोय हे माहीत नसावं, अशी ही अपेक्षा. म्हणून आपल्या धंद्यातले चांगले चांगले अभ्यासही दहापैकी आठवर थांबतात. रडू नका, सगळ्यांचंच तसं आहे.

मोजमाप

आखडलेपणा मोजायला सुधारित ॲशवर्थ मोजपट्टी वापरा. तीत ०, १, २, ३, ४ असे अंक आहेत आणि १ व २ यांच्यामध्ये ‘१+’ आहे. ही भर १९८७ मध्ये बोहॅनन आणि स्मिथ यांनी घातली. तेव्हापासून दोन फिजिओंचं १+ वर एकमत झाल्याचं आम्ही तरी पाहिलेलं नाही. शिवाय तोच हात सकाळी थंडीत एक असतो, चहा पिऊन आल्यावर दुसरा, आणि मुलाने ‘नीट कर की जरा’ म्हटल्यावर तिसरा.

हाताच्या हालचालीसाठी फ्यूगल-मायर. स्वीडनमधून १९७५ साली आलेली ही चाचणी, हाताला ६६ गुण. चार-पाच गुणांखालच्या फरकाने जगण्यात फारसं काही बदलत नाही असं जाणकार मानतात, हे लक्षात ठेवून सरासरीतल्या फरकाकडे बघा.

चालण्याचाही अभ्यास जोडायचा मोह झाला तर सहा मिनिटांची चाल घ्यावी लागेल. तिला तीस मीटरचा सरळ, सपाट, मोकळा कॉरिडॉर लागतो. कॉरिडॉर सरळ असतो, सपाटही असतो. मोकळा कधी असतो ते रात्रपाळीच्या नर्सला विचारा. स्ट्रेचर, डबेवाले, एक्स-रेची रांग आणि जमिनीवर पथारी टाकलेले नातेवाईक यांच्यामधून पेशंट जे अंतर कापतो ते मीटरमध्ये लिहिता येतं. त्याचं खरं कसब लिहिता येत नाही.

आणि आता थोडं गंभीरपणे. पेशंटला काय हवंय ते विचारा, पहिल्या दिवशी विचारा. तो ६६ गुण मागत नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली बाई विचारते, ‘मांडी घालता येईल का? देवासमोर बसता येईल का?’ लकव्याचा माणूस विचारतो, ‘धोतराची गाठ मारता येईल?’, ‘गावाकडं उकिडवं बसावं लागतं, जमेल का?’ आपण वापरतो त्या बहुतेक मोजपट्ट्या खुर्चीवर बसणाऱ्या आणि कमोड वापरणाऱ्या समाजांत तयार झाल्या. जमिनीवरून उठणं हा त्यांच्यासाठी पडल्यानंतरचा प्रसंग असतो. आपल्याकडे तो दिवसाला दहादा होतो. भारतातल्या पुनर्वसन-तंत्रज्ञानाचं सर्वांत गाजलेलं नाव घ्यायचं तर जयपूर फूट. रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्रमोद सेठी यांनी १९६८ च्या सुमारास तो घडवला. त्याआधीचा परदेशी धाटणीचा पाय बुटात घालायचा होता. तो लावून उकिडवं बसता येत नव्हतं, शेतात अनवाणी चालता येत नव्हतं. शर्मा आणि सेठी यांनी रबराचा पाय केला, त्याला बोटंही दिली आणि वाकही दिला. त्यात एकही सेन्सर नव्हता. माणसं कशी बसतात हे मात्र कुणीतरी नीट पाहिलं होतं. शर्मांचं औपचारिक शिक्षण जेमतेम होतं, त्यामुळे त्यांना विषय आधी की यंत्र आधी हा घोळ पडला नसावा.

तेव्हा ६६ गुणांच्या जोडीला पेशंटच्या शब्दांतलं एक उद्दिष्ट लिहून घ्या. गाईड म्हणतील, हे प्रमाणित नाही. खरं आहे. तरीही लिहून घ्या.

आकडे

जी-पॉवर नावाचं फुकट सॉफ्टवेअर नमुन्याचा आकार सांगतं. तुम्हाला तो तीस हवा असतो, कारण तीस वेळेत होतात. परिणाम मोठा येईल असं सॉफ्टवेअरला सांगितलं की तेही थोड्याच माणसांवर राजी होतं. पंधरा मोज्याचे, पंधरा बिनमोज्याचे. दोन्ही गट सुधारतात, कारण झटक्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत बहुतेकांचा हात आपला आपणच थोडा सुधारतो, मोजा असो वा नसो. सुधारणा दोन्ही गटांत दिसली की प्रत्येक गटातलं ‘आधी’ आणि ‘नंतर’ वेगवेगळं तपासून ‘मोजा प्रभावी’ असं लिहिण्याची प्रथा आहे. ही प्रथा मोडा. तुलना दोन गटांमध्ये करायची असते. नाही तर चिठ्ठ्या, पाकिटं आणि वेगळी खोली कशासाठी केली?

फरक दिसला नाही तर? गाईड उसासा टाकतील, तुम्ही सांख्यिकीवाल्या सरांकडे जाल, सर विचारतील ‘काय यायला हवं होतं?’ तिथून उठून या. ‘अटेंड’ नावाची चाचणी वाचा. भारतातली १४ रुग्णालयं, स्ट्रोकचे १२५० रुग्ण. घरच्यांना व्यायाम शिकवून पाठवलं तर सहा महिन्यांनी परावलंबन कमी होतं का, हा प्रश्न. आपल्या देशासाठी इतका शहाणा, इतका स्वस्त उपाय दुसरा सुचला नसता, आणि सगळ्यांना तो लागू पडायला हवा होता. पडला नाही. त्यांनी ते जसंच्या तसं लिहिलं आणि २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलं. १२५० माणसांचं ‘नाही’ तीस माणसांच्या ‘हो’पेक्षा मोलाचं आहे. तुमच्याकडे तीस माणसांचंच ‘नाही’ आहे, ते ‘लॅन्सेट’ घेणार नाही हे मान्य. पण पुढच्या बॅचच्या मुलीला तोच मोजा पुन्हा शिवायची वेळ येणार नाही.

छापून आणणे

इथे फार सांगण्यासारखं नाही. ‘परमआदरणीय प्रख्यात डॉक्टर’ अशा मायन्याने सुरू होणारी आणि सात दिवसांत छापून देणारी ईमेल उघडू नका. चांगलं नियतकालिक आठ महिन्यांनी नकार देतं आणि त्यासोबत तीन परीक्षणं देतं. दुसऱ्या परीक्षकाने विचारलेलं असतं : ‘मोजा चढवायला किती वेळ लागला, हे लेखकांनी का दिलं नाही?’ हा माणूस कुठल्या देशातला आहे ते कळत नाही, पण त्याने पेशंट पाहिलेला आहे. त्याने सांगितलेल्या सगळ्या सुधारणा करा.

व्हायवा आणि त्यानंतर

बाहेरचे परीक्षक सकाळच्या गाडीने येतात, दुपारच्या गाडीने जातात. ते तीन प्रश्न विचारतात. पहिला ॲशवर्थचा. दुसरा, ‘यात नवीन काय?’ तिसरा, ‘हे घरी वापरता येईल का?’ तिसऱ्यावर सावध राहा. ‘हो सर, भविष्यात’ असं बोलून जाण्याची सवय सगळ्यांना असते. घरी वापरता येण्यासाठी मोजा एका हाताने, दुसऱ्याच्या मदतीशिवाय, आखडलेल्या बोटांवर चढला पाहिजे, धुता आला पाहिजे, चार्जर मोबाइलचाच चालला पाहिजे आणि बिघडला तर तालुक्याच्या गावी कुणाला तरी उघडता आला पाहिजे. यातलं काय जमतं आणि काय नाही ते सरळ सांगा. मोजा चढवायची वीस मिनिटंही सांगा. परीक्षकांपैकी एखादा मान डोलावील, कारण त्याच्याही कपाटात असा मोजा आहे.

पास झाल्यावर यंत्राची व्यवस्था लावायची असते. कॉलेजच्या पैशाने घेतलं असेल तर डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नोंद करून स्टोअरकीपरची सही घ्या. सही झाली की ते कपाटात जाईल आणि किल्ली स्टोअरकीपरकडे राहील. तो बुधवारी नसतो. ज्या पेशंटांना ‘अभ्यास संपल्यावर देऊ’ म्हणाला होतात त्यांची सत्रं ही नोंद करण्याआधी उरकून घ्या.